हाज सुब्हींची दाद

मुन्झिर जझमाती दमास्कसच्या राष्ट्रीय वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतो असं कळलं की लोकांच्या भुवया आदराने वर जात. मग ते विचारत, कुठे बसतोस? दुसऱ्या व्हायोलिनांत, चौथ्या स्टँडवर, आतल्या बाजूला, असं उत्तर आलं की भुवया हळूच खाली येत. एका स्टँडवरच्या स्वरलिपीवर दोघं मिळून वाजवतात, आणि त्यांतल्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला एक काम जास्तीचं असतं. पान संपत आलं की त्याने वाजवणं थांबवून पान उलटायचं, बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो. हे काम मुन्झिरने केस पांढरे होईपर्यंत बिनबोभाट केलं. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं. त्याचं त्याला फारसं काही वाटतही नसे. जगात एकाच माणसाच्या तोंडची दाद त्याला हवी होती, आणि तो माणूस हलबमध्ये पिस्ते विकत होता.

हलब म्हणजे बाहेरच्यांचं अलेप्पो. तिथे गाणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याला मान. कुणी चांगली जागा घेतली की ऐकणारा मोठ्याने 'अल्लाह!' म्हणतो, आणि गवई तेवढ्यावर जगतो. अशा कानसेनांत मुन्झिरचे मामा हाज सुब्ही पहिल्या रांगेतले. त्यांना स्वतःला काही म्हणजे काही वाजवता येत नव्हतं. दुकानात गुणगुणायला लागले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाई. पण दर गुरुवारी सुताचे व्यापारी, दोन शिंपी, एक दातांचे डॉक्टर अशी मंडळी ज्या घरी जमत, तिथे गवई आधी दारातून डोकावून हाज सुब्ही आलेत का ते बघत. कैरोच्या एका नामांकित गवयाने एकदा अख्खी बैठक घाम गाळला. हाज सुब्हींनी फक्त एकदा 'अल्लाह' म्हटलं, तेही साथीच्या कानूनवाल्याला, त्याने आपल्या त्या तंतुवाद्याची तार जुळवली तेव्हा. गवई पुन्हा हलबला आला नाही. आजही तिकडे ही गोष्ट पाहुण्याला सांगितल्याशिवाय कॉफी देत नाहीत.

मुन्झिरचे वडील लवकर गेले आणि आई त्याला घेऊन भावाच्या घरी राहायला आली. व्हायोलिन मामांनीच आणून दिलं, शिकवलंही त्यांनीच. पोर वाजवी आणि मामा पिस्ते निवडता निवडता सांगत, "वर. अजून वर. आता किंचित उतर. हं, तिथेच, हलू नकोस." रास्त हा तिकडचा पायाचा मकाम, मकाम म्हणजे आपला राग म्हणा. त्यातला गंधार ना कोमल ना शुद्ध, दोघांच्या मध्ये कुठेतरी राहतो. नेमका कुठे, ते गावागणिक बदलतं. हलबवाले तो जरा चढा लावतात आणि कैरोवाल्यांचा उतरलेला असतो म्हणून नाकं मुरडतात. मिसरूड फुटायच्या आत मुन्झिरला तो सूर झोपेतून उठवलं तरी लागायचा. गुरुवारच्या बैठकीत त्याने रास्त वाजवला तेव्हा शिंपी मान डोलावत होते, डॉक्टरांनी 'अल्लाह' म्हटलं. मामा म्हणाले, "बरं होतं, खालो. जा, चहा सांग."

खालो म्हणजे मामा. तिकडे भाचा मामाला खालो म्हणतो आणि मामाही भाच्याला खालोच म्हणतो, प्रेमाने उलटून. मुन्झिर चहा सांगायला गेला आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पुढे तो दमास्कसच्या संगीतशाळेत आला. तिथे वेरा इग्नात्येव्ना नावाच्या रशियन बाई होत्या. त्यांनी त्याचं वाजवणं मिनिटभर ऐकलं आणि पेन्सिलीने त्याच्या बोटावर टकटक केलं.

"हे काय?"

"रास्त, बाई."

"हा बेसूर आहे. तुझं बोट दोन घरांच्या मधल्या बोळात उभं आहे. एका घरात जा."

बाई दुष्ट नव्हत्या. जीव तोडून शिकवत, स्वतःच्या डब्यातलं त्याला खायला घालत. त्यांनी त्याचं बोट त्या बोळातून काढलं आणि घरात नेऊन बसवलं, आणि मुन्झिरही आज्ञाधारक. त्याला वाद्यवृंदात जागा मिळाली. मधला सूर त्याच्या बोटातून नेमका कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. हलबला जाताना तो व्हायोलिन घरी ठेवून जाऊ लागला. मामांनी विचारलं की सांगे, सरकारी वाद्य आहे, बाहेर नेता येत नाही.

ही थाप आयुष्यभर खपली असती, पण व्हिएन्नाहून शिकून आलेले गियास उस्ताद वाद्यवृंदाचे नवे संचालक झाले. त्यांनी स्वतः एक मोठी रचना लिहिली होती. युरोपी वाद्यवृंद पुरा, त्यात ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्यं, आणि मधोमध एकट्या व्हायोलिनची रास्तमधली तक्सीम, म्हणजे कागदावर न लिहिलेला, जागच्या जागी सुचेल तसा आलाप. कागद नाही म्हटल्यावर पहिल्या व्हायोलिनांनी हात वर केले. उस्तादांची नजर फिरत फिरत चौथ्या स्टँडवर आली.

"मुन्झिर, तू हलबचा ना रे?"

"हो, उस्ताद."

"मग झालं तर! तुमच्याकडे रास्त नळाला येतो म्हणतात."

सगळे हसले. इथे दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने सरळ सांगितलं असतं की मला जमणार नाही. हलबचा माणूस दिवाळं निघाल्याचं कबूल करील, बायको माहेरी गेल्याचं सांगेल, पण रास्त येत नाही हे दमास्कसवाल्यांसमोर त्याच्या तोंडून निघणार नाही. मुन्झिर म्हणाला, "जशी आज्ञा."

घरी तो दार लावून घासू लागला. चढताना सूर लागे. उतरताना, शेवटी मुक्कामावर, म्हणजे षड्जावर येताना, बोट आपसूक शुद्ध गंधारावर जाऊन बसे. आणि रास्तमध्ये शुद्ध गंधार लागला की सगळं लष्करी बँडसारखं वाजू लागतं. त्याची बायको हनादी दमास्कसची, शाळेत भूगोल शिकवणारी. ती कोथिंबीर निवडता निवडता तीच ओळ गुणगुणली, आणि सूर बरोबर लागला.

"लागला की!" ती म्हणाली.

"तुझ्या गळ्यात लागला. माझ्या बोटात लागायला हवा."

"मग सांगून टाक उस्तादांना."

"हलबच्या माणसाने?"

"हलबचा माणूस, हलबचा माणूस! त्या तुमच्या किल्ल्यावर नेऊन ठेव एकदाचा तो तोरा. निदान तिकीट लावून दाखवतील."

तो बहुधा सांगणारही होता. पण तेवढ्यात हलबहून फोन आला.

"खालो, तू एकटा रास्त वाजवणार आहेस म्हणे. रेडिओवर लागणार आहे."

"हो, खालो."

"गुरुवारची मंडळी रेडिओभोवती बसणार आहेत. मी मात्र तिकडे येतो. समोर बसून ऐकायचंय."

"एवढ्या लांब कशाला त्रास घेता?"

"माझी वर्षं किती उरलीत, ते तू मोजणार का?"

मुन्झिरने फोन ठेवला. आता नाही म्हणायची वाट बंद झाली होती. आणि खरं म्हणजे त्याला ती बंदच हवी होती. मामा समोर बसतील, ऐकतील, आणि कदाचित एकदा म्हणतील. इतकी वर्षं पोटात ठेवलेली ही आशा हनादीलाही त्याने कधी सांगितली नव्हती.

हाज सुब्ही आले ते इस्त्रीचा कोट घालून, पिस्त्यांची पिशवी घेऊन. हनादीने त्यांच्यासाठी हलबच्या पद्धतीचे, बिहीचं आंबटगोड फळ घातलेले किब्बे, म्हणजे खिम्याचे गोळे, केले होते. "शामच्या हाताला बरं जमलंय," एवढं प्रशस्तिपत्र तिला मिळालं; शाम म्हणजे दमास्कस. भाच्याला त्यांनी वाजवून दाखव म्हटलं नाही.

सभागृहात त्यांना तिसऱ्या रांगेत जागा होती. दारावरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "चाचा, मध्ये बोलायचं नाही, टाळ्यासुद्धा शेवटीच." हाज सुब्ही तिला म्हणाले, "पोरी, मला उगाच बोलायची सवय नाही. हलबला विचार."

पहिला भाग नीट झाला. ऊद आणि कानून झाले. मग सगळी वाद्यं एका लांब सुरावर थांबली आणि मुन्झिर उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो वाद्यवृंदात एकटा उभा होता. त्याने सुरुवात खालून, सावकाश केली. मधला सूर आला आणि लागला, हलबचा, चढा. दुसऱ्यांदाही लागला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. तो वर गेला, फिरला, थोडी मस्तीही केली. एवढं सुख त्या वाद्याने त्याला कित्येक वर्षांत दिलं नव्हतं. मग उतरायची वेळ आली. तो एकेक पायरी खाली येऊ लागला, आणि शेवटच्या मुक्कामाआधी त्याचं बोट सरळ वेराबाईंच्या घरात जाऊन बसलं.

"अल्लाह!"

सभागृह दचकलं. तिसऱ्या रांगेत हाज सुब्ही उभे राहिले होते. "अल्लाह! अल्लाह, खालो!" मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. त्या गलबल्यात मुन्झिर मुक्कामावर येऊन थांबला. गियास उस्तादांनी हसत छडी उचलली आणि वाद्यवृंद पुढे निघाला.

मुन्झिर खाली बसला. त्याच्या शेजाऱ्याने खूश होऊन गुडघ्याने ढोसलं. मुन्झिरला मात्र कळलं होतं. जाणकार माणूस गवई मुक्कामावर पोचल्यावर दाद देतो, आधी कधीच नाही. वाटेत ओरडणं हे अडाण्याचं काम. हाज सुब्ही वाटेत ओरडले होते, नेमके त्या सुरावर. चादर टाकून झाकावं तसा त्यांनी तो सूर झाकला होता.

नंतर जो तो मुन्झिरचा हात हातात घेत होता. हलबच्या कानसेनाला खुर्चीत बसवेना, म्हणजे काय समजायचं! घरी हाज सुब्ही जेवून लगेच झोपायला गेले. सकाळी बसच्या तळावर मुन्झिरने विषय काढला.

"खालो, उतरताना तो सूर..."

"ऐकला मी. म्हातारा झालोय, बहिरा नाही."

"मग का?"

"बस सुटेल," असं म्हणून ते चढले आणि मुन्झिर उभा होता त्याच्या उलट्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले.

पुढच्या हंगामात ती रचना पुन्हा ठरली. गियास उस्तादांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मुन्झिर, तक्सीम तुझीच ना?" मुन्झिर म्हणाला, "नाही, उस्ताद. मला रास्त येत नाही." लोकांना तो विनय वाटला. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा हसणं थांबलं. तक्सीम कानूनवाल्याकडे गेली.

ईदला तो हलबला गेला. दातांचे डॉक्टर रस्त्यात भेटले. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाले, "रेडिओवर ऐकलं आम्ही. तुलाही ऐकलं, हाजनाही ऐकलं, मुक्कामाआधीच." आणि डोळे चुकवून निघून गेले. मुन्झिर तिथून थेट दुकानात आला. मामा गिऱ्हाइकाला पिस्ते तोलून देत होते.

"खालो, गुरुवारी जाता ना?"

"जातो की. पहिल्या रांगेत बसवतात, आधी कॉफी देतात. कमी काही नाही."

"आणि गाणं आवडलं तर?"

"आवडलं तर आवडतं."

"बोलत नाही?"

"आता माझ्या बोलण्याकडे गवई बघतो कुठे? बोलून काय करू?"

त्यांनी हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.  मुन्झिरला फार लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली, त्याहून जास्त, प्रेम वाटत होतं.

"साऱ्या आयुष्याची कमाई होती ती, खालो," तो शेवटी म्हणाला. "माझ्या एका चुकीसाठी घालवलीत?"

हाज सुब्हींनी पुड्याला दोरा गुंडाळला, दाताने तोडला.

"मग कुणासाठी ठेवायची होती रे? त्या गवयांसाठी?"

मुन्झिर तिथेच पोत्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. गिऱ्हाईक पुडा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिलं.

"काही नाही," हाज सुब्ही गिऱ्हाइकाला म्हणाले. "भाचा आहे माझा. दमास्कसला मोठ्या वाद्यवृंदात वाजवतो."