पहाटेचा वार

माझी वहिनी म्हणजे एक नंबरची हट्टी. वेबसाइटचा कोड लिहिते, तेही जेवणाच्या टेबलावर, अर्धे डोळे मिटून. हाक मारली की "हं" म्हणते, आणि त्या "हं"ला काडीचा अर्थ नसतो. दादा म्हणतो, "बाईसाहेब समाधीत आहेत."

बाबांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा तिने त्यांच्यासाठी एक पान बनवलं. उशाशी टॅबलेट, त्यावर ठळक अक्षरांत आजचा वार, आजच्या गोळ्या, आज कोण येणार. तरी बाबांचं बिनसतच गेलं. सोमवारी आम्ही उठावं, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी, दर रविवारी येणाऱ्या मित्राची वाट बघत. "अहो बाबा, आज सोमवार!" ते टॅबलेटकडे वळायचे. तिथेही सोमवारच. मग त्यांचा चेहरा असा उतरायचा, की मला भडभडून यायचं.

शेवटी दादाने वृद्धाश्रमातली खोली ठरवली. वहिनी पुन्हापुन्हा लॅपटॉपवर पान तपासायची आणि मला म्हणायची, "माझ्याकडे तर बरोबर चालतंय गं!"

बाबा तिकडे राहायला जायच्या दिवशी तिला पहाटेच जाग आली. ती त्यांच्या उशाशी जाऊन बसली. खिडकीत फिकट निळा उजेड, घर पाण्याखाली असल्यासारखं शांत. टॅबलेटवर सोमवार. तिने लॅपटॉप उघडला. तेच पान, तोच कोड, पण मंगळवार.

लॅपटॉपवरचं पान इथलंच घड्याळ बघायचं; टॅबलेटवरचं यायचं दूरदेशीच्या सर्व्हरवरून, तिकडच्या यंत्रावरून, आणि तिथे अजून कालचीच रात्र होती. आजचा वार कोणता, एवढंच तिने यंत्राला विचारलं होतं; कुठला आज, ते सांगायचं राहिलं होतं. रोज पहाटे बाबा एकटेच त्या लांबच्या कालमध्ये जाऊन बसायचे. आम्ही उठेपर्यंत तिथलाही वार बदललेला असायचा.

बाबांनी डोळे उघडले.

"बाबा, आज वार कोणता?"

"मंगळवार," ते छताकडे बघतच म्हणाले.

"मग रोज या टॅबलेटचं का ऐकता हो?"

"अगं, तू लिहिलंयस ना ते. म्हटलं, माझंच चुकत असेल."

वहिनी अशी ढसाढसा रडली, की आम्ही धावत आलो. सगळं कळल्यावर दादा भरलेल्या बॅगेजवळ मटकन खालीच बसला आणि एकेक शर्ट बाहेर काढायला लागला.

"रडायचं काय त्यात?" बाबा वहिनीला म्हणाले. "चहा टाक. आणि त्या यंत्राला सांग, आज मंगळवार आहे म्हणावं."