मुठीतल्या मिरच्या

मीठ, मोहऱ्या, मिरच्या विस्तवात तडतडल्या की लोकांना दृष्ट आठवते, मला मात्र अग्निबाण आठवतो. त्या दिवशी आम्ही मानवतला मावशीच्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. तिची लेक दूर समुद्रकाठी उपग्रह सोडणाऱ्यांत नोकरीला, आणि आधीचा उपग्रह पाण्यात पडला तेव्हा पोर दोन दिवस जेवली नव्हती. म्हणून उलटी मोजणी सुरू होताच मावशी दृष्टीच्या मिरच्या मुठीत धरून टीव्हीवरून ओवाळायला लागली. "सरक की, आमाला धूर तरी दिसू दे," काका करवादले. "तुमाला धूर दिसायलाय, मला पोरगी दिसायलीय," मावशी म्हणाली. अग्निबाण ढगांत शिरला, काही वेळानं टीव्हीतली माणसं टाळ्या वाजवत उठली, आणि मग फोन आला. "आई, नीट गेलं. तू रडायलीस का?" "न्हाई गं, आत्ताच मिरच्या जाळल्या, त्याचा ठसका हाय." मिरच्या तर अजून तिच्या मुठीतच होत्या. मी जन्माचा चोंबडा, पण तेव्हा टीव्हीकडेच बघत राहिलो. आता मावशी नाही. उपग्रह सुटायचा असला की मीच टीव्हीवरून मूठ ओवाळतो, आणि बायकोनं डोळ्यांचं विचारलं तर ठसक्यावर ढकलतो.