न तपासता शिवलेली बारा पोती

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार लोकांनी वाचावं असं काही मी लिहावं, ही मलाच धिटाई वाटते. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, होस्टेलच्या खोलीतल्या मित्रालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल — असं वाटतंय खरं.

सलीमचाचांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्याबद्दल बोलताना मला अडखळायला होत नाही. मानोऱ्यात त्यांची मसाल्याची चक्की आहे. आमचं गाव तिथून जवळ. आम्ही माळी, मिरची-भाजीपाला पिकवणारे. पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. पूर्वी आम्ही ओली मिरची मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला घालायचो, तांड्यातल्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या आणि चाचांची चक्की अर्धा दिवस बंद असायची. या तिघांना एकत्र बांधायचं चाचांनी मनावर घेतलं. आमच्या शेतकरी गटानं लाल मिरची द्यायची, तांड्याच्या बचत गटानं ती वाळवून देठ खुडायचे, चक्कीनं दळायची, आणि तिखट पोहरादेवीपासून जऊळक्यापर्यंतच्या दुकानांत जायचं.

हे ऐकायला सोपं आहे. पण एकमेकांच्या घरचं पाणी न प्यालेली माणसं एका सतरंजीवर बसवणं सोपं असतं का? चाचा वर्षभर जुन्या लुनावर फिरले. बैठक पाळीपाळीनं तिन्ही ठिकाणी, आणि ज्याच्याकडे बैठक त्यानं चहा करायचा, बोलायचं शेवटी. पहिला माल निघाल्यावरच्या बैठकीत तांड्याच्या जमनामावशींनी त्यांना टोकलं होतं, "चाचा, मिर्ची माळ्यायची, खोकला आमचा, अन् पुड्यावर नाव तुमचं एकट्याचं काहून?" सगळे हसले. चाचाही हसले. आणि पुढच्या खेपेला पुड्यावर तिन्ही नावं छापून आली, तांड्याचं सगळ्यात वर.

त्यांचा एक नियम होता. स्वतःचं पोतं कुणी स्वतः शिवायचं नाही. तांड्याची पोती आमच्या गटानं शिवायची, आमची चक्कीनं, चक्कीची तांड्यानं. आणि शिवण्याआधी हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातली मूठ वर काढायची, मिरची कानाजवळ हलवायची. बी वाजलं तर वाळली. नाही वाजलं तर पोतं बाजूला, भांडण नाही, दोन दिवस पुन्हा ऊन. "चूक तं होनारच, बेटा," चाचा म्हणायचे, "पन ती दुसऱ्याच्या हाताले लागली पाह्यजे." मला हा नियम फार आवडायचा. अजूनही आवडतो. आमच्या गटानं शिवायचं काम मला दिलं होतं, शिकणारा पोरगा म्हणून.

तर — तो दिवस.

वाशीमला होस्टेलच्या प्रवेशाची मुलाखत होती. अंगात नवा पांढरा सदरा. तांड्यावर चौदा पोती उभी. मिरचीच्या पोत्यात हात घातला की तो दिवसभर जळतो, चुकून डोळ्याला लागला तर विचारूच नका. दोन पोत्यांत मी हात घातला. मग बाही बघितली. गाडीची वेळ बघितली. उरलेली बारा पोती मी तशीच शिवली.

एवढंच? नाही. एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं.

माल वाळत घातलेला असताना मधे अवकाळी पाऊस येऊन गेला होता. तीन पोत्यांच्या तळाला ओल राहिली, बुरशी धरली, आणि ते सगळ्या मालात दळलं गेलं. दुकानदारांनी पुडे परत पाठवले. बैठक आमच्या गावात, आमच्याच ओसरीवर झाली. चाचांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "बेटा, हात घातला होता ना?"

मी म्हणालो, "हो चाचा. चौदाही पोत्यांत."

त्या क्षणी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. आमच्या गटाची मान खाली गेली असती. पण माझ्या "हो"चा अर्थ काय झाला? हात घातला तेव्हा माल वाळलेला होता, म्हणजे मागाहून तांड्यावरच कुणीतरी शिवण उसवून ओला माल भरला. आमच्याच गटातल्या एकानं ते बोलूनही दाखवलं, मग बाकीच्यांनीही त्याची री ओढली. जमनामावशी उठून उभ्या राहिल्या. "पानी आलं तं होतंच, आमी कधी नाई म्हनलं? म्हनून तं तुमी हात घालता ना?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — मी काहीतरी बोलेन, म्हणून वाट बघितल्यासारखं. मी सतरंजीची दशी पिळत बसलो.

तांड्याला काढलं. चाचांनी दोनदा विनवलं, "पुन्हा एक डाव विचार करा," पण आमचा गट हटला नाही. पुड्यावरचं वरचं नाव गेलं. दिवाळीनंतर तांड्यातल्या निम्म्या बायका कोयते घेऊन पुन्हा उसाला गेल्या, जमनामावशीही, त्या वयात. मला होस्टेल मिळालं. त्याच खोलीत बसून हे लिहितोय.

बाही मळू नये म्हणून मी ते केलं आणि मान खाली जाऊ नये म्हणून खोटं बोललो. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं. नाही सापडलं.

चाचांनी मात्र हार मानली नाही. दोन हंगाम ते आमच्या गटातल्या एकेकाच्या दारी जात राहिले. आणि गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मला मधे बोलताच आलं नाही. तांडा परत आला. आणखी दोन गावं जोडली गेली. आता पाच गटांचा व्यवहार बघायला शिकलेला, कायमचा माणूस हवा होता, आणि बैठकीत माझं नाव ठरलं.

"कोनं सुचवलं, विचार ना," चाचा म्हणाले. मी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं.

"जमनाबाईनं. म्हने, त्या दिवशी आमच्याबद्दल वंगाळ न बोलनारा तो एकलाच होता."