कारीनचा वर्ग आणि कारीनचे रविवार

गिरणीत काम करताना हवेतला कापूस केसांत कधी येऊन बसायचा, कळायचंसुद्धा नाही. पाळी सुटली की आपण झटकायचा, घरी आल्यावर बायकोने झटकायचा, तरी सकाळी उशीवर थोडा सापडायचाच! किश्श्यांचंही तसंच आहे. आपण गोळा करायला जात नाही, ते येऊन बसतात. आता नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. पण सावकाश हं!"

सावकाश? तेवढं एकच तर मला नीट येतं.

* * *

संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. मी साच्यावरचा माणूस, म्हणजे लूमवरचा. हाताला काम राहिलं नाही म्हणून आमच्या गाववाल्यांच्या मंडळाने लालबागच्या त्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. उघडायची, झाडायची, पाणी भरायचं. एक दिवस निरोप आला, नॉर्वे देशातून एक मुलगी येतेय. संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणार, तेही फुकट.

"फुकट? मग कोण येणार!" घाडी म्हणाला. घाडी आमच्या खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम. गिरणी बंद झाली तरी त्याची जॉबरकी चालूच होती.

कारीन आली. उंच, उन्हाने लाल झालेली, सारखी हसणारी. राहायला गिरगावात, खोताच्या वाडीत एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंकडे. तिला पाठवणाऱ्या संस्थेची एक अट होती. काही महिन्यांनी त्यांची मोठी मॅडम येऊन वर्ग बघणार. वर्ग भरलेला, चाललेला दिसला तर कारीन इथेच. नाहीतर तिची रवानगी दुसऱ्या कुठल्या तरी शहरात.

पहिल्या दिवशी वर्गाला कोण? मी! तेसुद्धा किल्ली माझ्याकडे होती म्हणून.

तिने काही वर्ग रद्द केला नाही. समोर उभी राहिली आणि म्हणाली, "रिपीट आफ्टर मी." म्हणजे काय ते तिने हाताने करून दाखवलं. ती बोलेल ते आपण बोलायचं. मी शाळेत कधी गेलेलो नाही, पण एवढं समजलं. ती "गुड इव्हनिंग" म्हणाली, मीही म्हणालो. ती "व्हेरी गुड" म्हणाली, मीही म्हणालो. "नो, नो!" "नो, नो!" तिला हसू आवरेना. मग मी तेही रिपीट केलं!

आमचं हसणं गॅलरीतून सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी चटया कमी पडल्या.

* * *

त्यात हिराबाई आली. प्रभादेवीकडची कोळीण, लालबागच्या बाजारात मासे विकायला बसायची. पाटी रिकामी झाली की तिथूनच तडक वर्गाला. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान असे की एकदा ऐकलं ते पक्कं.

कारीनने शिकवलं, "हाऊ आर यू?" विचारलं की "आय ॲम फाइन" म्हणायचं.

हिराबाई म्हणाली, "माझा गुडघा दुखतोय, मी फाइन कशाला म्हणू?"

कारीनला मराठी थोडंथोडं यायला लागलं होतं. ती म्हणाली, "सगळे असंच म्हणतात, हिराबाई."

"अगो, मंग तुमच्या देशात सगळेच खोटं बोलतात काय?"

कारीनने फळ्यावरचं 'फाइन' पुसून टाकलं. मग म्हणाली, ठीक आहे, इथे खरं सांगायचं. झालं! दुसऱ्या दिवसापासून "हाऊ आर यू" विचारलं की "आय ॲम गुडघा पेन!" "आय ॲम गॅस फिनिश!" आमच्या परब वहिनी खानावळ चालवायच्या. एरवी फार न बोलणारी बाई. त्यांचा नंबर आला तेव्हा हळूच म्हणाल्या, "आय ॲम सासू कम!"

सगळ्या बायकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

* * *

शनिवार आला की कारीन म्हणायची, "उद्या इंडिया बघायचा!" जणू इंडिया सोमवार ते शनिवार बंद असतो!

सोबतीला मी. एकदा सुट्टी जोडून आली, तेव्हा ती माझ्याबरोबर एसटीने कोकणात, आमच्या गावी आली. माझी आत्ये ओसरीवर बसलेली. पाहुणी गोरी आहे म्हटल्यावर तिने खुणेनेच विचारलं, आणखी भात वाढू?

आता कारीन दोन्ही वेळा जेवायची परब वहिनींच्या खानावळीत, सगळ्या मालवणी माणसांत. पुस्तकातलं मराठी तिला कोणी शिकवलंच नव्हतं! ती पानावर हात आडवा धरून म्हणाली, "नको गे आत्ये, माका पुरे. प्वॉट भरला!"

आत्येच्या हातातली भाताची परात तशीच राहिली. मग माझ्याकडे वळली आणि माझ्या मुलावर घसरली, "बघ धोंड्या! ही खंयची खंयसून येवन आमचां बोलता, नि तुजो झील मुंबयत रवान माज्याशी हिंदी बोलता! हिका हंय ठेव, नि झिलाक धाड नॉर्वेक!"

* * *

एका रविवारी कारीनला बाजार बघायचा होता. हिराबाईने तिला आपल्या शेजारी पाटावर बसवलं. वाटलं, गोरी पोरगी बसलीय म्हणून गिऱ्हाईक थांबेल. थांबलंही. एका बाईंनी पापलेट उचललं आणि गमतीने कारीनलाच विचारलं, "काय गं, ताजं आहे का?"

कारीनचा बाप तिकडे मच्छीमारच. तिने कल्ला उघडून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हे कालचं. ते घ्या, ते आजचं."

हिराबाईने कपाळावर हात मारला! "अगो बये, तुला धंद्याला बसवली का पोलिसात?"

पण त्या बाईंनी आजचं घेतलं, आणि पुढच्या रविवारी चार शेजारणींना घेऊन आल्या. पाटीसमोर उभ्या राहून विचारायला लागल्या, "ती खरं बोलणारी कुठे गेली?"

तेव्हापासून हिराबाई कालचं म्हावरं वेगळ्या टोपलीत ठेवायला लागली. आणि कारीनला सांगायची, "तू जा तुझा इंडिया बघायला! माझ्या पाटीकडं बघू नको!"

तोंडाने असं म्हणायची. पण मॅडम येऊन हिला दुसरीकडे पाठवणार तर नाही ना, हे मला दर आठवड्याला विचारणारीही तीच.

* * *

वर्ग भरलेला दिसला पाहिजे, ही काळजी सगळ्यांनाच होती. त्यावर आमच्या लोकांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कोणाला सुचला नसता.

कारीन एक दिवस हजेरी घेत होती. "सुनंदा?"

"प्रेझेंट!" घाडी उभा राहिला. एवढ्या मोठ्या मिशा!

कारीन म्हणाली, "तुम्ही सुनंदा नाही."

"सुनंदा माझी सून. तिचं पोर तापलंय. मी तिच्या बदलीवर."

कारीन माझ्याकडे बघायला लागली. मग मी तिला समजावून सांगितलं. गिरणीत कोणी आला नाही तर त्याच्या जागी गेटवरचा बदली कामगार घ्यायचे. बदली भरायचं काम जॉबरचं. माणूस आजारी पडो, गावी जावो, साचा बंद राहता कामा नये.

"पण शिकणं म्हणजे साचा नाही!" कारीन म्हणाली.

"बाई," घाडी शांतपणे म्हणाला, "मग मी आज जे शिकलो ते घरी जाऊन सुनेला शिकवीन. मंग तर झालं?"

कारीनने हजेरी लावली. त्या संध्याकाळी घाडी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सुनेला सांगत होता, "रिपीट आफ्टर मी!" सून पदरात तोंड लपवून हसत होती. सासऱ्यासमोर एवढं हसायची तिची ती पहिलीच वेळ.

* * *

आता शेवटचा सांगतो.

मॅडमचा निरोप आला, सोमवारी संध्याकाळी येते. कारीनने सगळी तयारी केली आणि रविवारी पहाटे हिराबाईच्या भावाबरोबर भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेली. हिराबाईचं माहेर बघायचं होतं तिला. हिराबाईला धंदा सोडून जाता आलं नाही. रात्री परत यायची, असं ठरलेलं.

दुपारनंतर वारा सुटला आणि लाँच बंद झाली. सोमवारीही बंदच. संध्याकाळ झाली, वर्ग खच्चून भरला, चटईवर पाय ठेवायला जागा नाही. आणि कारीनचा पत्ता नाही!

परब वहिनी रडवेल्या झाल्या. "मॅडम म्हणेल, बाईच हजर नाही, हा कसला वर्ग? नेईल तिला इथून."

घाडी उठला. भिंतीला टेकून सगळ्यांकडे बघायला लागला, पूर्वी गिरणीच्या गेटवर बघायचा तसा. आणि बोट केलं. "हिरा, तू."

"मी? घाडीभाऊ, मला साधं ए काढता येत नाय!"

"बोलता येतंय ना? साचा बंद ठेवायचा काय? चल, उठ!"

हिराबाईने पदर खोचला. कारीनच्या जागेवर जाऊन उभी राहिली. कारीन मारायची तशी टाळी मारली. आणि तेवढ्यात दारात मॅडम! पांढरे केस, घामाने डबडबलेल्या.

हिराबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "व्हाय लेट?"

मॅडम दचकल्या. मग काहीतरी लांबलचक इंग्रजी बोलायला लागल्या. हिराबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती डगमगली नाही. कारीन आम्हाला रोज सांगायची तेच तिने सांगितलं, "स्मॉल सेंटेन्स, प्लीज!"

मॅडम थांबल्या. "ट्रॅफिक."

"व्हेरी गुड! सिट."

मॅडमनी चपला काढल्या आणि परब वहिनींच्या शेजारी चटईवर बसल्या. मी त्यांना पाणी दिलं.

"व्हेअर यू फ्रॉम?"

"नॉर्वे."

"घर हू इज?"

मॅडमना ते कसं समजलं, देव जाणे. म्हणाल्या, "माय मदर."

"मदर ओल्ड?"

"व्हेरी ओल्ड."

"यू हिअर. मदर फूड हू गिव्ह?"

मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माय सिस्टर."

"सिस्टर व्हेरी गुड! क्लॅप!"

अख्ख्या वर्गाने नॉर्वेतल्या त्या बहिणीसाठी टाळ्या वाजवल्या. मॅडमही वाजवायला लागल्या. हसतायत की डोळे पुसतायत, मला दिसलं नाही, मी मागे होतो.

तेवढ्यात दारात कारीन! पेण-पनवेल करत, एसटी बदलत आलेली. केस पिंजारलेले, पाठीला पिशवी, पिशवीतून सुक्या बोंबलांचा वास. तिने फळ्यापाशी हिराबाई पाहिली. चटईवर मॅडम पाहिल्या. तिथेच उंबरठ्यावर उभी राहिली.

सगळ्यांनी हिराबाईकडे पाहिलं.

हिराबाई म्हणाली, "व्हाय लेट?"

कारीनने मॅडमकडे पाहिलं. मॅडम समोर बघत होत्या, शहाण्या मुलीसारख्या हाताची घडी घालून.

"विंड," कारीन म्हणाली.

"व्हेरी गुड. सिट."

मॅडम चटईवर थोड्या सरकल्या. त्यांच्या शेजारी कारीन बसली. मॅडमनी तिच्या कानाशी वाकून त्यांच्या भाषेत हळूच सांगितलं, ते मला कारीनकडून नंतर कळलं, "तू इथेच राहा, नाहीतर ही बाई मला सोडायची नाही!" कारीनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तिचे खांदे हसण्याने हलायला लागले.

हिराबाईने टाळी मारली.

"नो टॉकिंग!"