आईने कपडे बदलले नाहीत तो रविवार

बाबा एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायचे. नव्या मॅनेजरने रविवारीही कामावर बोलावलं, तेव्हा त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाले, "साहेब, रविवार माझा नाही, देवाचा आहे. तो मी तुम्हाला कसा देऊ?" मॅनेजर वरमला. ही गोष्ट बाबांनी इतक्यांदा सांगितली की इस्त्री किती गरम होती हेही मला पाठ झालं होतं.

घरातही त्यांचा कायदा कडक. चर्चला घातलेले चांगले कपडे संध्याकाळपर्यंत उतरवायचे नाहीत, म्हणजे कुणी कामाला हात लावणार नाही. आई मात्र घरात शिरली की कपडे बदलायची आणि थेट स्वयंपाकघर गाठायची, कारण बाबा दर रविवारी कुणाला ना कुणाला जेवायला घेऊन यायचे. आठवडाभर शर्टांना काजं करून तिची बोटं निबर झालेली, आणि विसाव्याच्या दिवशी आठ-दहा माणसांचा स्वयंपाक. हे कुणालाच खटकत नव्हतं. मलाही नाही, याची आज लाज वाटते.

त्या रविवारी चर्चच्या पाळकांनी उपासनेत देवाच्या दहा आज्ञा वाचल्या आणि नंतर तेच आमच्याकडे जेवायला आले. आईने चपला काढल्या आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. अंगावर कपडे चर्चचेच.

बाबांनी दोनदा खाकरून पाहिलं. शेवटी म्हणाले, "अगं, जेवणाचं बघतेस ना?"

"नाही," आई म्हणाली आणि पाळकांकडे वळली. "पाळकसाहेब, मघाशी तुम्ही वाचलंत. विसावा मुलाला आहे, मुलीला आहे, नोकरचाकरांना आहे. गुराढोरांनासुद्धा आहे. बायकोचं नाव काही मला ऐकू आलं नाही. मी कुठे बसते त्यात?"

बिचारे पाळक धर्मसंकटात सापडले. चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, सगळ्यात आधी 'तू' म्हटलंय. त्यात तुम्हीही आलात."

"मग झालं तर. मी उठणार नाही."

"पाहुण्यांसमोर शोभा करतेस?" बाबांचा आवाज चढला.

"पाहुणे नसताना सांगून पाहिलं, अहो. एकवीस वर्षं."

पाळक जमिनीकडे बघू लागले. मला मनातून भयंकर आनंद झाला होता आणि भीतीही तेवढीच वाटत होती. बाबा पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. मग हाक आली, "मीठ कुठे आहे?"

परत हाक आली, या वेळी माझ्या नावाने. पंधरा वर्षांची मी सवयीने उठले. तशी आईने माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "आज उठलीस, तर जन्मभर उठत राहशील."

आत काहीतरी खळकन पडलं. आम्ही दोघी जागेवरून हललो नाही.