रघूच्या नावाचा कप आम्ही खेळणार नाही

ज्या माणसाने उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात पडून आमचा रघू मेला, तोच माणूस या रविवारी रघूच्या नावाने फुटबॉलचा कप भरवतोय.

आणि तो माणूस माझा चुलतकाका आहे.

आज रघूला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी गप्प बसलो. घरातले ही पोस्ट वाचणार, मला माहीत आहे. वाचू देत.

ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रघू अकलोलीच्या वरच्या पाड्यावरचा आदिवासी पोरगा. बावीस वर्षांचा. शेलार गावात खोली घेऊन राहायचा, कापड विणायच्या लूमवर कामाला होता आणि संध्याकाळी आमच्या टीमकडून लेफ्ट विंगला खेळायचा.

त्याचा उजवा पाय फक्त उभं राहण्यापुरता होता. सगळ्या तालुक्याला माहीत होतं की हा डाव्यानेच मारणार. तरी समोरचा डिफेंडर भलतीकडेच झुकायचा आणि रघू निघून जायचा.

खारबावच्या कीपरने एकदा त्याच्याकडून तीन गोल खाल्ले. मॅच संपल्यावर तो स्वतः रघूला शोधत आला. हसत हसत आम्हाला म्हणाला, "तिसऱ्या टायमाला मी हाललोच न्हाय. म्हटलं, बघून तरी घेऊ."

भात कापलेल्या शेतात मॅच असायच्या. बांधावर एका बाजूला आमच्या गावचे जमीनवाले, दुसऱ्या बाजूला शिफ्ट सुटलेले यूपीचे लूमवाले. रघूच्या पायात बॉल आला की दोन्हीकडचे एकदम उठायचे.

त्या शुक्रवारी प्रॅक्टिस साडेसहाला संपली.

मुंबईच्या एका क्लबने त्याला सोमवारी ट्रायलला बोलावलं होतं. आम्ही दोघं ग्राउंडच्या कडेलाच चहा-वडापाव खात बसलो होतो. तो मला विचारत होता की गवतावर बॉल घसरतो का, पाय अडकतो का. तोपर्यंत तो गवताच्या ग्राउंडवर एकदाही खेळला नव्हता.

मग सायकल काढून शिफ्टला गेला.

लोडशेडिंग होतं. रस्त्यावर मिट्ट काळोख. पाइपलाइनसाठी रस्त्याच्या कडेने चर खणलेला, आठवडाभर तसाच उघडा. ड्रम नाही, पट्टी नाही, दिवा नाही. कामाचं कंत्राट काकाचं. चरासमोरच्या चहावाल्याने काकाच्या सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं की इथे कोणीतरी मरेल. सुपरवायझर म्हणाला, ड्रम येतायत.

मी स्वतः रोज बाइकवरून त्या चराला वळसा घालून जात होतो. काकाला एक फोन केला नाही. हेही लिहितोय.

अर्ध्या तासाने एक लूमवाला धावत ग्राउंडवर आला. "भाई, आपका ग्यारह नंबर गड्ढे में गिरा है. उठ नहीं रहा."

खाली लोखंडी पाइप होता. रघू मानेवर पडला होता. आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, गेलाय.

सकाळी सात वाजता त्या चराला ड्रम लागले होते. लाल पट्टी लागली होती. बोर्डसुद्धा लागला होता.

आठवडाभर जे जमलं नाही ते एका रात्रीत जमलं.

आणि दुपारपर्यंत नाक्यावर बातमी फिरली की पोरगा प्यायलेला होता. काकाच्या माणसांनीच फिरवली. आदिवासी पोरगा म्हटल्यावर कोणाला पुरावासुद्धा लागला नाही.

रघू दारूला शिवत नव्हता. त्या संध्याकाळी शेवटचा माणूस मी होतो त्याच्याबरोबर. चहा प्यायला, दुसरं काही नाही. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आम्ही पाहिलाय. त्यात दारूचं नाव नाही. पण रिपोर्ट कपाटात राहतो आणि नाक्यावरची बातमी पाड्यापर्यंत जाते.

दिवसांना आम्ही पाड्यावर गेलो, तेव्हा त्याच्या आईने मला बाजूला घेतलं.

"खरं सांग. माजा रघू पेला व्हता का?"

तिच्या मुलाबद्दल तिच्याच मनात शंका घातली होती आमच्या लोकांनी.

मी म्हटलं, नाही, काकू. शपथेवर सांगतो.

ती म्हणाली, "मंग तसा लोकांना सांग."

मी हो म्हणून आलो. आणि सांगितलं नाही. घरचा माणूस, गावचं राजकारण, वडिलांचा राग. कारणं भरपूर होती.

मागच्या आठवड्यात नाक्यावर बॅनर लागला. काका हात जोडून, पुरुषभर उंच. कोपऱ्यात रघू. तो फोटो मी माझ्या मोबाइलवर काढलेला. कोणी दिला, कोणी घेतला, मला कोणी विचारलं नाही.

मी काकाकडे गेलो. म्हटलं, कप नको. आधी त्याच्या आईसमोर जाऊन सांगा की पोरगा प्यायलेला नव्हता, चूक आमची होती. तेवढंच करा.

काका शांतपणे म्हणाले, "घरातली गोष्ट हाय. घरातच ऱ्हाऊ दे."

रघू आमच्या घरातला नव्हता. म्हणून त्याचं मरणही आमच्या घरात मिटवायचं का?

काल आम्ही टीममधल्या नऊ जणांनी पोलिसांकडे लेखी जबाब दिला, की चर उघडा होता आणि रघू प्यायलेला नव्हता. चहावालाही आला, स्वतःहून. उरलेल्या दोघांनी सही केली नाही. त्यांच्या गाड्या काकाकडे कामाला आहेत. त्यांची अडचण मला समजते. राग तरीही जात नाही.

कपात आमची टीम उतरणार नाही. खारबावचा कीपर काल फोनवर म्हणाला, आम्हीही येत नाही.

वडील कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत.

रघूच्या आईला वाचता येत नाही. म्हणून उद्या सकाळी आम्ही पाड्यावर जातोय. जबाबाची कॉपी घेऊन, तिला वाचून दाखवायला. एक वर्ष उशिराने.

रघू, तुझा खेळ बघायला मिळाला हे आमचं नशीब. तुझ्यामागे आम्ही उभे राहिलो नाही, हा आमचा गुन्हा.

तुला तुझ्या टीमचा नमस्कार.