सुकाणूला बांधलेली बादली

सदर व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे. नाव : रश्मी भानुदास ओव्हाळ. राहणार : पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. हुद्दा : नाविक, शिडीची सर्वांत खालची पायरी. नेमणूक : गस्ती जहाज, सुकाणू व डेकवरील पडेल ते काम. उंची : नियमात बसणारी. दृष्टी : उत्तम. पोहणे : उत्तम. ओळखीची खूण : डाव्या कोपरावर उसाच्या पाचटाने कापल्याचा व्रण. वर्तणूक : समाधानकारक, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. दोष : सदर व्यक्तीस बोट लागते.

बोट लागणं म्हणजे काही मोठा आजार नव्हे. माणसाला एसटी लागते तसंच. फरक इतकाच की एसटी लागली तर भिगवणला उतरता येतं.

जहाजाचं नाव सांगण्याची गरज नाही. नौदलाची जहाजं नावापेक्षा रंगानं ओळखायची असतात, आणि रंग सगळ्यांचा एकच, राखाडी. लांबून ते जहाज फार रुबाबदार दिसे. आतून पाहिलं तर त्याचं खरं युद्ध गंजाशी चाललेलं होतं. सकाळी शिट्टी झाली की डेक धुवायचा, मग गंज खरवडायचा, मग त्यावर रंग द्यायचा, आणि रंग वाळेपर्यंत समुद्र दुसऱ्या टोकाला गंज चढवून ठेवी. या युद्धात रश्मी पटाईत होती. खरवडताना ओकारी आली तर ती कठड्याशी जाई, वाऱ्याची बाजू पाहून वाके, तोंड पुशी आणि परत येऊन तिथूनच खरवडायला लागे. वाऱ्याची बाजू पाहणं ती एकदाच विसरली होती. तेव्हापासून सगळं जहाज तिला ओळखत होतं.

जहाजावर प्रत्येकाकडे या दुखण्यावर औषध होतं, आणि औषधावरून माणूस कळे. स्वयंपाक्या मानसिंग राजस्थानचा. त्याच्या गावाला पाणी बघायचं तर टँकरच्या मागे धावावं लागे. समुद्राकडे तो अजूनही नासाडी म्हणून बघत असे. त्याचं म्हणणं, पोट रिकामं ठेवायचं नाही, समुद्र आला की त्याच्या हातावर काहीतरी ठेवता आलं पाहिजे. तो तिला भाजलेला पापड आणि लिंबाची फोड देई आणि दारात उभा राहून परिणामाची वाट बघे. दवाखान्याचा सहायक दीपक गोळ्या देई. त्या गोळ्यांनी ओकारी थांबे, कारण माणूस झोपे. झोपलेला माणूस सुकाणूवर चालत नाही, अशी नौदलाची जुनी अडचण होती.

तिसरा इब्राहिम चीफ. लक्षद्वीपच्या बेटावरचा, डेकवरच्या सगळ्या माणसांचा मुकादम. त्याच्या बेटावर जमीन इतकी थोडी की पोरं आधी पोहतात आणि मग जागा उरली तर चालतात, असं तो सांगे. त्याच्याकडे औषध नव्हतं. "समुद्र कुणाला लागत नाही," तो म्हणे, "माणूस समुद्राला लागतो. तो खाजवतो." यावर काय करायचं ते तो सांगत नसे.

ही सगळी बोलणी हिंदीत होत, आणि प्रत्येकाची हिंदी वेगळी होती. इथं ती मराठीत दिली आहेत, म्हणजे सगळ्यांची गैरसोय सारखी.

रश्मी सुकाणूवर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा भलतीच गोष्ट चीफच्या नजरेत आली. पोरगी होकायंत्राकडे बघे, मग मान वळवून मागं बघे. परत पुढं, परत मागं. तेवढ्यात जहाज हळूच वाट सोडी.

"मागं काय बघतेस सारखी?" चीफ ओरडला. "मागं काय ठेवलंय?"

"ट्रॉल्या," रश्मीच्या तोंडून निघून गेलं.

तिचा बाप भानुदास गाळपाच्या हंगामात भवानीनगरच्या कारखान्याला ऊस ओढतो. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींवर छपराएवढा ऊस. बारामतीच्या कॉलेजात असताना सुट्टीला रश्मीही ट्रॅक्टर चालवी. डबल ट्रॉलीवाला पुढं कमी आणि मागं जास्त बघतो. पुढचं आपल्या हातात असतं. मागची ट्रॉली कधी शेपूट फिरवून आडवी होईल याचा नेम नसतो. ही सवय भवानीनगरच्या रस्त्याला शहाणपण होती आणि अरबी समुद्रात गुन्हा.

"सुकाणूवाल्यानं मागं बघायचं नसतं," चीफ म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्यांचा नियम आहे. मागून येणारी लाट बघितली की माणूस सुकाणू सोडून पळतो."

"पळून जाणार कुठं, चीफ? सगळीकडं पाणीच आहे."

वर्तणुकीच्या रकान्यात जी तक्रार आहे ती इथली. त्या दिवसापासून जहाजावर तिचं नाव ट्रॉली पडलं.

मानसिंगनं तिला लोणच्याची एक रिकामी बादली दिली, प्लॅस्टिकची, कडीवाली. सुकाणूच्या खांबाला तिनं ती दोरीनं बांधून टाकली. आता तिला कठड्याकडं जावं लागत नसे. हात सुकाणूवर, मान बादलीत, मान वर, डोळे होकायंत्रावर. चीफ येऊन बादलीकडं न बघता गाठीकडं बघत राहिला. आपल्याला माहीत नसलेली गाठ त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"ही कसली गाठ?"

"म्हशीची."

"सुटत नाही?"

"म्हशीला विचारा."

जहाजाचे दुय्यम अधिकारी ऋषिराज. कप्तानाच्या खालोखाल त्यांचा शब्द. ते कधी ओरडत नसत, हीच त्यांची अडचण होती. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्यांनी रश्मीला बोलावून खुर्ची दिली.

"हे बघ, तुझी हिंमत मी पाहतो आहे. पण शरीराचंही ऐकावं लागतं. किनाऱ्यावर कार्यालयात जागा आहे. सन्मानाचं काम. पंखा, टेबल, वेळेवर जेवण."

"आणि समुद्र, सर?"

"खिडकीतून दिसतो."

"परत जहाजावर येता येईल?"

ऋषिराज खोटं बोलत नसत. "एकदा या कारणानं उतरलं की सहसा नाही. म्हणून तर मी लिहीत नाहीये. विनंती तुझ्या तोंडून आली पाहिजे. म्हणजे तुझ्या नावावर डाग नाही. आता सुट्टीवर जा, घरच्यांशी बोल. पुढच्या फेरीवरून परतेपर्यंत मी थांबतो. तोपर्यंत विनंती आली नाही, तर मला 'अयोग्य' लिहावं लागेल."

रश्मीच्या तोंडून त्या काळात विनंती सोडून बाकी सगळं येत होतं.

पळसदेवला ती पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. शेजारची तानूबाई ओट्यावर येऊन बसलीच होती.

"काय गं रश्मे, बोटीवर म्हणं तू निस्ती वकत असतीस?"

"निस्ती न्हाय, काकू. मधी मधी बोट बी चालवते."

"आगं, पर कशाला त्यो जिवाला तरास? सायेब हापिसात बस म्हंतोय, तर बसावं की पंख्याखाली. पोरीच्या जातीला झेपंल तेवढंच करावं."

रश्मीची आजी भागुबाई आतापर्यंत शेंगा फोडत होती. तिनं हात थांबवला नाही. "तानूबाई, तुज्या सुनंला सातवा लागंपत्तुर वकाऱ्या हुत्या. तिला कुणी म्हनलं का, ऱ्हाऊ दे बाई, झेपत न्हाय तुला, हापिसात बस?"

तानूबाईला एकदम दूध तापत ठेवल्याची आठवण झाली.

दुपारी आजी नातीला घेऊन पाण्याकडं गेली. उन्हाळा होता, उजनीचं पाणी हटलं होतं आणि धरणात बुडालेल्या जुन्या गावच्या देवळाचं शिखर बाहेर येऊन ऊन खात होतं. मच्छीमारांची जाळी काठावर वाळत होती. भागुबाईनं काठीनं पाण्यात एक जागा दाखवली. तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं.

"तितं आमची घागर बुडवायची जागा. गावाच्या खालच्या अंगाला. वरनं समद्यांचं धुणं-भांडं यायचं, त्येच आमच्या घागरीत. वरच्या अंगाला घागर बुडवली तर भांडणं." तिनं काठी सगळ्या पाण्यावरून फिरवली. "आता बघ. वरचं न्हाय, खालचं न्हाय. समद्यांवरनं येकच पानी."

धरणाचा हा फायदा कुठल्याच सरकारी पुस्तिकेत छापलेला नाही.

"आजी, मी काय करू?"

"मला काय इचारतीस? मी कंदी बोटीत बसली न्हाय. बापाला इचार."

भानुदास ट्रॅक्टरखाली आडवा झालेला होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. रश्मीनं त्या पायांनाच सगळं सांगितलं. आत पाना फिरत राहिला.

"कालव्याच्या पुलाचा चढ," आतून आवाज आला. "दोन्ही ट्रॉल्या भरल्याल्या. तितं कंदी थांबलीस का?"

"न्हाय."

"का गं?"

"थांबलं की ट्रॉल्या मागं वडत्यात. मग परत उचलत न्हाय."

"मंग? ठाव हाय तर हितं येऊन का इचारती? पाना दे तो बारका."

एवढा सल्ला घेऊन ती परत गेली.

पुढच्या फेरीचे पहिले दिवस बरे गेले, म्हणजे ती एकटीच ओकत होती. मग दक्षिणेला कुठंतरी वादळ उठलं. ते जहाजापासून लांब होतं, पण त्याच्या लाटा सवडीनं चालत आल्या. जहाज नौदलाच्या तळाकडं परत निघालं होतं आणि लाटा मागून येत होत्या. मागून आलेली मोठी लाट जहाजाचा मागचा भाग उचलते, बाजूला ढकलते आणि पुढं निघून जाते. सांभाळलं नाही तर जहाज तिला आडवं होतं. आडव्या जहाजाला पुढची लाट लोळवते.

जेवणाच्या वेळेपर्यंत जहाजावरची बोलणी बंद पडली. ती शांतता चांगली नव्हती. मानसिंगनं भाताचं पातेलं बांधून ठेवलं आणि स्वतःलाही शेजारी बांधून घेतलं. दीपक गोळ्यांची डबी छातीशी धरून आडवा होता. त्यानं गोळी कुणाला दिली नाही आणि स्वतःच्याही पोटात एकही ठरली नाही. ज्यांना कधी बोट लागली नव्हती त्यांना ती आज एकदम, थकबाकीसकट लागली. त्यांना याची सवयच नव्हती. पहिली ओकारी आली की ते भिंतीला टेकत, टेकले की बसत, बसले की आडवे होत. चढाला थांबत.

सुकाणूवरचा गडी असाच गुडघ्यावर आला. चीफनं त्याच्या हातून सुकाणू घेतलं आणि दुसऱ्याला बोलावणं पाठवलं. दुसरा बिछान्यातून उठला नाही. दार उघडून आली ती रश्मी, हातात बादली घेऊन.

"तुला नव्हतं बोलावलं," ऋषिराज म्हणाले. त्यांचा चेहरा जहाजाच्या रंगाचा झाला होता.

"हो सर. ज्यांना बोलावलं ते आडवे आहेत. मी रोजचीच आहे."

तिनं बादली बांधली, गाठ ओढून पाहिली आणि सुकाणू हातात घेतलं. नौदलात हुकूम जसाच्या तसा परत म्हणायचा असतो, म्हणजे ऐकला हे कळतं.

"स्टारबोर्ड फाइव्ह," ऋषिराज म्हणाले, म्हणजे सुकाणू पाच अंश उजवीकडं.

"स्टारबोर्ड फाइव्ह," रश्मी म्हणाली, बादलीकडं जाऊन आली, आणि राहिलेलं पूर्ण केलं, "सर."

मग तिनं मागं बघितलं. मागच्या काचेतून एक लाट येत होती, उसाच्या ट्रॉलीसारखी, वरपर्यंत भरलेली. चीफनं ओरडायला तोंड उघडलं. लाट पोहोचायच्या आत रश्मीनं सुकाणू थोडं फिरवून धरलं होतं. जहाजाचा मागचा भाग उचलला गेला, सरकला, आणि आडवा न होता परत बसला. चीफनं तोंड मिटलं. पुढच्या लाटेच्या वेळी तो स्वतःच वळून मागं बघत होता.

"येतेय," तो म्हणाला. "डावीकडून."

"दिसली, चीफ."

जहाज सरळ रेषेत गेलं असं कुणी म्हणणार नाही. ते हंगामातल्या ट्रॅक्टरसारखं गेलं. रस्ता सगळा लागला, पण रस्त्यातच राहिलं.

मधेच ऋषिराजांनी हुकूम अर्धा सोडला. त्यांनी दाराकडं बघितलं, दार लांब होतं. टोपीकडं बघितलं, टोपीवर राष्ट्राचं चिन्ह होतं. रश्मीनं डोळे समोर ठेवूनच पायानं बादली त्यांच्याकडं सरकवली. दोरी तेवढी पुरली.

"घ्या सर. मी थांबते."

अधिकारी आणि नाविक यांची भांडी वेगळी असतात. जेवणाची वेगळी, चहाची वेगळी, मेस वेगळ्या. या भांड्याबद्दल कुठं काही लिहून ठेवलेलं नव्हतं. ऋषिराजांनी फार विचार केला नाही. विचाराला वेळ नव्हता. चीफ खिडकीबाहेर बघत राहिला. तिथं समुद्र होता.

संध्याकाळी लाटा ओसरल्या. माणसं एकेक करून उठली आणि आपण फक्त जरा टेकलो होतो असं सांगू लागली. रश्मी सुकाणूवरून उतरली आणि बादली सोडायला वाकली, तर ऋषिराज आधीच गाठीशी झटत होते. ती त्यांना सुटेना. शेवटी त्यांनी तिला गाठ सोडायला लावली, बादली स्वतः उचलली आणि धुवायच्या जागी गेले.

तळावर पोहोचल्यावर त्यांनी तिला पुन्हा खुर्ची दिली.

"विनंती?"

"नाही सर."

"बरं," ते म्हणाले, आणि पेन उघडलं.

तिनं बंदरावरून घरी फोन लावला. भागुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"सायबानं तुज्या बादलीत?"

"व्हय आजी."

"आन् धुतली कुणी?"

"त्यांनीच."

पलीकडं फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग लांबून, दारातून हाक मारल्यासारखा आजीचा आवाज आला : "तानूबाई! ए तानूबाई! जरा हिकडं ये!"

ऋषिराजांनी लिहिलं ते असं. सदर नाविक समुद्रसेवेस योग्य. सुकाणूवरील कामगिरी विश्वासार्ह. पूर्वी नोंदविलेला दोष सदर व्यक्तीने इच्छाशक्ती व सराव यांच्या बळावर संपूर्णपणे दूर केला असून त्याची यापुढे नोंद घेण्याची आवश्यकता नाही.

रश्मी रोज ओकते. बादली तिथंच आहे.